कार्लाइलचा १९१२ चा हंगाम : खेळ कोणाचा, शब्द कोणाचे

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल ह्या गावी मूळ अमेरिकी जमातींच्या मुलामुलींसाठी चालविल्या जाणाऱ्या सरकारी निवासी शाळेच्या फुटबॉल संघाने १९१२ साली चौदा सामने खेळून त्यांपैकी बारा जिंकले, एक बरोबरीत सोडविला आणि एकच गमावला. संपूर्ण हंगामात संघाने ५०४ गुण मिळविले व प्रतिस्पर्ध्यांना ११४ मिळू दिले. हे आकडे कोणी नाकारीत नाही. प्रश्न उपस्थित होतो तो आकड्यांच्या भोवती रचल्या गेलेल्या मजकुराचा. ज्या तरुणांनी हे सामने जिंकले त्यांचे स्वतःचे शब्द त्या मजकुरात फार थोडे आढळतात. वृत्तपत्रे, प्रशिक्षक आणि शाळेचे अधिकारी हे तिघेही त्यांच्या वतीने बोलत राहिले, आणि पुढील इतिहासकथनाने बहुधा ह्या तिघांचेच बोलणे प्रमाण मानले. ह्या हंगामाचा विचार करताना गुणफलकाबरोबरच कोण कोणाच्या तोंडी कोणते शब्द घालीत आहे, हेही तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. फुटबॉल ह्या शब्दाने येथे मुंबईच्या वा कोल्हापूरच्या मैदानावर खेळला जाणारा पायचेंडूचा खेळ अभिप्रेत नाही. रग्बीपासून निघालेला, लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या फळीतून धावत जाण्याचा, ढकलाढकलीचा आणि अंगावर झेप घेऊन खाली पाडण्याचा जो खेळ अमेरिकी महाविद्यालयांत वाढला, तो हा होय. ह्या खेळात दुखापती नित्याच्या, आणि क्वचित मृत्यूही होत. १९०५ साली मृत्यूंचा बोभाटा एवढा झाला की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांना त्यात लक्ष घालावे लागले. त्यातूनच १९०६ साली चेंडू पुढे फेकण्याची, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’ची, मुभा नियमांत आली. दुसरा खुलासा असा की, कार्लाइलची शाळा खऱ्या अर्थाने महाविद्यालय नव्हतीच. तेथील शिक्षण शालेय पातळीचे आणि धंदेशिक्षणाचे होते. तथापि तिचा संघ मात्र हार्वर्ड, पेन्सिल्व्हेनिया, प्रिन्स्टन अशा धनाढ्य विद्यापीठांशी खेळे.

शाळेची स्थापना १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट ह्या लष्करी अधिकाऱ्याने एका जुन्या छावणीच्या इमारतींत केली. मुलाला त्याच्या जमातीपासून दूर न्यावयाचे आणि त्याच्यातील ‘इंडियन’ नाहीसा करून नागरिक घडवावयाचा, हे प्रॅटचे उघड धोरण होते. आल्याबरोबर मुलांचे केस कापले जात, अंगावर गणवेश चढविला जाई, आणि मातृभाषा बोलण्यास बंदी असे. नावाचीही तीच गत. पहिल्याच तुकडीत आलेल्या ल्यूथर स्टँडिंग बेअर ह्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे की, फळ्यावर काही खुणा काढलेल्या होत्या. हाती काठी देऊन त्यांतील एका खुणेवर टेकविण्यास सांगितले गेले, आणि ती खूण म्हणजेच पुढे त्यांचे नाव झाले. वाचता येत नसलेल्या अक्षरांतून स्वतःचे नाव निवडावयाचे, ह्याहून भाषिक सत्तेचे अधिक स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. भाषा काढून घेणे हा ह्या शिक्षणाचा आनुषंगिक परिणाम नव्हता. तो त्याचा पाया होता.

अशा शाळेत फुटबॉल कसा शिरला ह्याची कथा प्रॅटने आपल्या आठवणींत नमूद केली आहे, आणि ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. एका सामन्यात एका विद्यार्थ्याचा पाय मोडल्यावर त्याने बाहेरच्या संघांशी खेळणे बंद केले. त्यानंतर सुमारे चाळीस विद्यार्थी त्याच्या कचेरीत आले आणि त्यांच्यातील वक्तृत्वसंपन्न तरुणाने बाजू मांडली. ती ऐकून प्रॅट विरघळला. मात्र त्याने दोन अटी घातल्या. प्रतिस्पर्ध्याने कितीही चिथावले तरी उलट ठोसा मारावयाचा नाही, आणि थोड्या वर्षांत देशातील मोठ्यांतील मोठ्या संघांना हरवून दाखवावयाचे. म्हणजे ज्या इंग्रजीत मुलांनी केवळ आज्ञा ऐकाव्यात अशी अपेक्षा होती, त्याच इंग्रजीत त्यांनी मागणी केली आणि ती मान्य करून घेतली. ही कथा प्रॅटची आहे, त्यामुळे तीत त्याचे औदार्य ठळक दिसावे हे स्वाभाविक. तरी मागणी मुलांकडून आली हे तोही लपवीत नाही.

१८९९ साली ग्लेन स्कोबी वॉर्नर, ज्याला सारे ‘पॉप’ म्हणत, हा प्रशिक्षक म्हणून आला. मध्ये काही वर्षे कॉर्नेलला जाऊन तो १९०७ मध्ये परतला. कार्लाइलचे खेळाडू प्रतिस्पर्ध्यांपेक्षा अंगाने हलके असत. साहजिकच संघाने वेग, हुलकावणी आणि पुढे चेंडू फेकण्याचे तंत्र ह्यांवर भर दिला. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध चेंडू एका खेळाडूच्या सदऱ्याच्या पाठीत लपवून तो पलीकडच्या रेषेपर्यंत पळविण्यात आला, ही युक्ती सर्वश्रुत आहे. सामना मात्र हार्वर्डने १२-११ असा जिंकला होता, हे सांगावयास बहुतेक कथनकार विसरतात. १९११ साली त्याच हार्वर्डला कार्लाइलने १८-१५ असे हरविले, आणि तेव्हापासून जिम थॉर्प हे नाव देशभर झाले.

१९१२ चे नियम ह्या संघाला जणू मापून शिवल्यासारखे होते. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार संधी मिळू लागल्या, मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांचे झाले, ‘टचडाऊन’चे गुण पाचाचे सहा झाले आणि पुढे फेकलेल्या चेंडूवरील वीस यार्डांची मर्यादा उठली. आणखी एक नियम त्या काळी होता व त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. खेळ चालू असताना कडेला बसलेल्या प्रशिक्षकाने मैदानातील खेळाडूंना सूचना देणे निषिद्ध होते. कोणती चाल कधी करावयाची हे मैदानातच, क्वार्टरबॅकने ठरवावयाचे असे. कार्लाइलचा क्वार्टरबॅक विस्कॉन्सिनमधील ओजिब्वे जमातीचा गस वेल्च होता. ‘वॉर्नरचा संघ’ असा जो उल्लेख सर्वत्र आढळतो, तो ह्या दृष्टीने अर्धाच खरा मानावा लागतो. सराव वॉर्नरचा, चालींची आखणी वॉर्नरची. पण ऐन प्रसंगीचा निर्णय आणि त्याचा उच्चार वेल्चचा.

संघाच्या घडणीकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. थॉर्प हा ओक्लाहोमातील सॅक अँड फॉक्स जमातीचा. वेल्च आणि मिनेसोटातला जो गायन हे ओजिब्वे. ह्या दोन्ही जमातींच्या भाषा अल्गाँक्वियन कुळातील. विल्यम गार्लो टस्करोरा आणि पॉवेल चेरोकी. ह्या भाषा इरोक्वॉयन कुळातील, परंतु परस्परांना मुळीच न कळणाऱ्या. ॲलेक्स आर्कासा वॉशिंग्टन राज्यातील कोलव्हिल प्रदेशाचा, तेथील भाषा सेलिश कुळातील. कॅलिफोर्नियाच्या पीट कॅलाकची जमात लुइसेन्यो, तिची भाषा यूटो-ॲझ्टेकन. आणि एल्मर बुश पोमो, ज्यांच्या भाषांचे कूळ ह्या सर्वांहून निराळे. मराठी, कानडी आणि संथाळी ह्यांच्यात जेवढे अंतर आहे, त्याहून ह्या संघातील भाषाकुळांचे परस्परांतील अंतर कमी म्हणता यावयाचे नाही. वृत्तपत्रांच्या लेखी मात्र हे सर्व एकच होते: ‘इंडियन’. कोलंबसाच्या भौगोलिक चुकीतून जन्मलेल्या ह्या शब्दाने अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंतची राष्ट्रे एका गणवेशात कोंबली होती, आणि कार्लाइलच्या शाळेने तो गणवेश अक्षरशः शिवून दिला.

हंगाम २१ सप्टेंबरला सुरू झाला. ऑलब्राइट, लेबनॉन व्हॅली, डिकिन्सन आणि व्हिलानोव्हा ह्या चार संघांचा बारा दिवसांत फडशा पडला. थॉर्प नुकताच स्टॉकहोमच्या ऑलिंपिक क्रीडांतून पेंटॅथ्लॉन आणि डेकॅथ्लॉन ह्या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके घेऊन परतला होता. त्याला पाहण्यासाठी गर्दी लोटे. ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफर्सन संघाने मात्र ०-० अशी बरोबरी साधली. थॉर्पने लाथेने मारलेले गोलाचे प्रयत्न त्या दिवशी हुकले. त्यानंतर सिरॅक्यूज ३३-०, पिट्सबर्ग ४५-८, जॉर्जटाउन ३४-२०. जॉर्जटाउनचा सामना २६ ऑक्टोबरचा. दोनच दिवसांनी संघ कॅनडात टोरंटो येथे खेळत होता, तोही निम्मा सामना अमेरिकी नियमांनी आणि निम्मा कॅनडातील रग्बीच्या नियमांनी! मोठे संघ कार्लाइलच्या लहान मैदानावर येत नसत, कारण तेथे प्रवेशशुल्काचे उत्पन्न ते किती होणार. म्हणून संघच आगगाडीने गावोगाव फिरे. ऑलिंपिक विजेत्याच्या कीर्तीचे रोख पैशांत रूपांतर करणारा हा दौरा होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीच्या संघाशी झालेला सामना ह्या हंगामाचा कळस समजला जातो. कार्लाइलने तो २७-६ असा जिंकला. एकीकडे भावी सेनाधिकारी आणि दुसरीकडे त्याच सेनेने ज्यांच्या पूर्वजांची भूमी घेतली त्यांची मुले. १८९० मधील वूंडेड नी येथील हत्याकांडास तेव्हा अवघी बावीस वर्षे झाली होती. वॉर्नरने सामन्यापूर्वी खेळाडूंना त्यांच्या बापआजांची आठवण देऊन चेतविले, अशी हकीकत सांगितली जाते. ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु ‘सूडाचा सामना’ हे जे रूप तिला दिले गेले त्यात वर पाहिलेला गणवेश पुन्हा डोकावतो. वूंडेड नी येथे मारले गेले ते लाकोटा; वर उल्लेखिलेल्या खेळाडूंपैकी एकही लाकोटा नव्हता. प्रत्येकाच्या राष्ट्राचा अमेरिकेशी झालेला संघर्ष निराळा, करार निराळे, स्थलांतराच्या वाटा निराळ्या होत्या. त्यांना सर्वांना एकच दुःख बहाल करणे, हेही त्यांच्या वतीने बोलणेच झाले.

ह्याच सामन्याची दुसरी आख्यायिका थॉर्पविषयी आहे. त्याने ९२ यार्ड धावून टचडाऊन केला. नियमभंगामुळे तो रद्द झाला. म्हणून लगेच पुढच्या खेपेस तो ९७ यार्ड धावून गेला, असे शेकडो ठिकाणी छापलेले आहे. पण गुणांची फोड पाहावी. कार्लाइलचे टचडाऊन चार: तीन आर्कासाचे, एक जो बर्गीचा. चार षटके चोवीस, आणि त्यांनंतर लाथेने मिळविलेले तीन अधिक गुण थॉर्पचे; बेरीज सत्तावीस. ह्यात थॉर्पच्या टचडाऊनला जागाच उरत नाही. त्याचा खेळ त्या दिवशी अप्रतिम झाला ह्यात शंका नाही, त्याची एक लांब धाव रद्दही झाली. मात्र यार्डांची संख्या आणि पुनरावृत्ती ही नंतरच्या सांगणाऱ्यांची देणगी होय. आख्यायिकेने थॉर्पला मोठे केले ते आर्कासाला पुसून. ह्या सामन्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर सैन्याच्या बाजूने खेळत होता, आणि थॉर्पला अडविताना त्याचा गुडघा कायमचा निकामी झाला, असेही लिहितात. गुडघा दुखावला तो पुढच्या आठवड्यात, टफ्ट्स संघाविरुद्ध. सैन्याचा कप्तान डेव्होर हा मात्र गायनवर धावून गेल्याबद्दल मैदानाबाहेर काढला गेला. कार्लाइलच्या पॉवेललाही ठोसा मारल्याबद्दल तीच शिक्षा झाली. प्रॅटची पहिली अट निदान त्या दिवशी तरी पाळली गेली नाही.

वृत्तपत्रांतील वर्णनांची शब्दकळा ठराविक होती: युद्धाची वाट, टोळीचा हल्ला, शिरावरील कातडी सोलणे. दुसऱ्या कोणत्याही संघाने चतुर चाल केली तर ती ‘बुद्धी’. कार्लाइलने केली तर ‘धूर्तपणा’. संघाच्या विजयास शब्द मिळाले ते पराभूत शत्रूसाठी पूर्वीच तयार करून ठेवलेले.

१६ नोव्हेंबरला फिलाडेल्फियात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४-२६ असे हरविले. आठ आठवड्यांत बारावा सामना. थकवा दिसणे अपरिहार्य होते. पुढच्या आठवड्यात स्प्रिंगफील्डविरुद्ध ३०-२४ असा निसटता विजय मिळाला आणि ते तीसही गुण एकट्या थॉर्पचे होते. २८ नोव्हेंबरला ब्राउन विद्यापीठावर ३२-० असा विजय मिळवून हंगाम संपला.

तो खरोखर संपला पुढच्या जानेवारीत. थॉर्पने १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनामध्ये अल्प वेतन घेऊन बेसबॉल खेळला होता, असे मॅसेच्युसेट्समधील वूस्टरच्या एका वृत्तपत्राने जानेवारी १९१३ मध्ये उघडकीस आणले. ऑलिंपिकसाठी खेळाडू ‘हौशी’ असणे बंधनकारक होते. तेव्हा थॉर्पच्या सहीचे एक पत्र हौशी क्रीडासंघटनेच्या चिटणिसांकडे गेले. त्यात, आपण व्यवहार न कळणारा एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, इतर महाविद्यालयांतील कित्येकजण हेच करीत, परंतु ते खोटी नावे घेत आणि आपण स्वतःचे नाव लावले, अशा आशयाचा मजकूर आहे. पत्राचा मसुदा वॉर्नरचा असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि शैलीही तेच सुचविते. पत्र लिहिले गेले तेव्हा थॉर्प चोविशी ओलांडलेला, जगभर फिरून आलेला पुरुष होता. त्याला ‘शाळकरी मुलगा’ म्हणविण्यात सोय होती ती वॉर्नरची आणि अधीक्षक मोझेस फ्रीडमनची: भोळेपणाचा दोष थॉर्पकडे, आणि अनभिज्ञतेचे श्रेय शाळेकडे. वस्तुतः सुमारे दोन वर्षे शाळेबाहेर असलेल्या थॉर्पला १९११ मध्ये परत बोलाविले ते वॉर्नरनेच. नावाचा मुद्दा तर अधिकच विदारक आहे. जी शाळा मुलांची नावे बदलीत असे, तिच्या विद्यार्थ्याची पदके गेली ती, इतरांप्रमाणे नाव न बदलल्यामुळे त्याला ओळखता आले म्हणून. आक्षेप घेण्याची तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. तिकडे त्या वेळी कोणी पाहिले नाही. १९८२ मध्ये थॉर्पला सहविजेता म्हणून आणि २०२२ मध्ये एकमेव विजेता म्हणून मान्यता मिळाली. त्याचा मृत्यू १९५३ मध्येच झाला होता.

येथवर सर्वजण बोलले. खेळाडू बोलले ते १९१४ च्या प्रारंभी. वेल्चने पुढाकार घेऊन दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला पाठविला. सिनेटर जो रॉबिन्सन ह्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांचा संयुक्त आयोग कार्लाइलला आला आणि त्याने विद्यार्थ्यांच्या साक्षी घेतल्या. एका विद्यार्थिनीला झालेली मारहाण, अपुरे अन्न, अधीक्षकाविषयीचा अविश्वास अशी अनेक प्रकरणे पुढे आली. फुटबॉलच्या उत्पन्नाचा निधी सरकारी हिशेबतपासणीबाहेर ठेवला जात होता. त्यातून खेळाडूंना रकमा दिल्या जात, वॉर्नरचे घर बांधले गेले, आणि शाळेला अनुकूल प्रसिद्धी मिळावी म्हणून वार्ताहरावरही खर्च झाला, हे नोंदींवरून दिसून आले. वृत्तपत्रीय शब्दकळेचा काही अंश अशा रीतीने मैदानावर मुलांनी मिळविलेल्या पैशांतूनच विकत घेतला गेला होता! वेल्चची साक्ष संयत आहे. वॉर्नर प्रशिक्षक म्हणून चांगला असल्याचे तो मान्य करतो. परंतु खेळाडूंशी त्याची भाषा शिवराळ असते आणि तो चारित्र्याने विश्वासपात्र नाही, असे स्पष्ट सांगतो. हॉटेलच्या दालनात वॉर्नरला सामन्याची तिकिटे विकताना पाहिल्याचेही त्याने सांगितले. ह्या साक्षी शब्दशः टिपून सरकारने छापल्या. कार्लाइलच्या खेळाडूंचे सलग, मध्ये कोणी मसुदा न केलेले इंग्रजी वाचावयाचे असेल तर ते ह्या दप्तरात आहे. त्यात ‘इंडियन शाळकरी मुलगा’ कोठेच भेटत नाही. मुद्द्याला धरून, पुराव्यानिशी बोलणारे प्रौढ भेटतात.

फ्रीडमनला पद सोडावे लागले. वॉर्नर आणखी एक हंगाम राहून १९१५ मध्ये पिट्सबर्गला गेला, तेथे त्याची कारकीर्द अधिकच बहरली, आणि १९३१ साली ‘कोलियर्स’ साप्ताहिकात त्याने कार्लाइलच्या आठवणी लिहिल्या. त्या लेखमालेतील एका शीर्षकात मुद्दाम मोडक्यातोडक्या, बोबड्या इंग्रजीची नक्कल केली आहे. शाळा १९१८ साली बंद होऊन इमारती पुन्हा लष्कराकडे गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्या जागेस राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित करण्यात आले. वेल्चने कार्लाइलमधीलच डिकिन्सन विद्यालयातून, ज्याच्या संघाला त्याने १९१२ मध्ये ३४-० असे हरविले होते, १९१७ साली कायद्याची पदवी घेतली.